कडक मावशीचा शनिवारचा हात

कडक मावशीला कडक हे नाव कशावरून पडलं, यावर गल्लीत दोन पक्ष होते. एक म्हणायचा इस्त्रीवरून, दुसरा म्हणायचा जिभेवरून. मावशीलाच विचारलं तर ती म्हणायची, "दोघंही खरे. आता कपडे टाक आणि बाजूला हो, मागच्याच्या डोक्यावर ऊन येतंय."

दुकान कसलं, भिंतीला टेकवलेलं एक टेबल, वर पत्रा, कोळशाची इस्त्री आणि खळीचं पातेलं. पाणी शिंपडायला भोकं पाडलेला डबा होता, पण तो नुसता शोभेला. मावशी वाटीत बोटं बुडवायची आणि मनगट झटकायची, की थेंब बरोबर त्या चुणीवर जाऊन पडायचे. खळीच्या बाबतीत तिची मतं ठाम होती. जो सदरा उभा केल्यावर आपला आपण उभा राहत नाही, तो सदरा नव्हे, फडकं. एका वकिलाने एकदा कुरकुर केली, कॉलर मानेला कापते म्हणून. मावशी म्हणाली, "मग मान सरळ ठेव. खाली घालायला वकील झालास का?" वकील पुढे जन्मभर तिच्याकडेच कपडे टाकत राहिला. खटले हरायचा, पण ताठ मानेने हरायचा.

रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या अगदी नाकासमोर, चर्चच्या पॅरिशची शाळा होती. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आधाराने राहणारी आसपासची कॅथलिक मंडळी. त्यांचं चर्च, त्यांच्या नन, त्यांची शाळा, सगळं एकाच आवारात. मावशी त्यांच्यातली नव्हती आणि त्या आवारात तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. सकाळी पोरं रांगेने चर्चमध्ये शिरताना दिसायची, थोड्या वेळाने रांगेने बाहेर पडताना दिसायची. आत काय चालतं, त्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

तिचं शाळेशी नातं होतं ते चेंडूचं. मधल्या सुट्टीत पोरं खेळायची आणि चेंडू भिंतीवरून उडून नेमका खळीच्या पातेल्यात पडायचा. मावशी तो काढायची, पुसायची आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकायची. परत द्यायचा प्रश्नच नव्हता. फाटकातून पोरं ओरडायची, "मावशी, चेंडू." मावशी वर न बघता म्हणायची, "कोणाचा चेंडू?"

"आमच्या शाळेचा."

"मग तुमच्या मोठ्या सिस्टरला पाठव."

मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. बुटक्या, जाड चष्म्याच्या, आणि मावशीला तोडीस तोड. त्या कधी आल्या नाहीत. मावशीनेही कधी चेंडू दिला नाही. असा हा दोन स्वाभिमानी बायांचा व्यवहार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता, तेवढ्यात मावशीच्या घरी नात आली.

नातीला सगळे बटण म्हणत. बटणासारखीच गोल आणि एकदा चिकटली की न सुटणारी. मावशीची लेक लोकांच्या घरी राहून म्हाताऱ्यांची सेवा करायची, आज या गावात, उद्या त्या. पोर बरोबर फिरत होती, म्हणून शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सातवं लागलं तेव्हा लेक तिला घेऊन आली. "आई, हिला शाळेत घाल. माझं झालं तेच हिचं व्हायला नको," एवढं म्हणून ती पुढच्या म्हाताऱ्याकडे गेली.

मावशीने आधी हमरस्त्यावरची काचेच्या दारांची शाळा गाठली. तिथे प्रवेश पोरीला हवा असला तरी मुलाखत पालकांची घेतात. टेबलामागे एक बाई आणि एक साहेब.

"मुलीच्या वडिलांचं नाव?"

"वडील गेले."

"अरेरे. वारले?"

"एवढं कुठलं नशीब. नुसते गेले."

"पालकांचं शिक्षण?"

"पालक म्हणजे मी. आणि शिक्षण म्हणजे हे." मावशीने इस्त्रीचे चटके बसलेला हात पुढे केला.

साहेबांनी तो बघितला न बघितल्यासारखा केला. "घरी कोणती भाषा बोलता?"

"ज्याच्यावर रागावले असेन त्याला समजेल ती."

मुलाखत चांगली झाली नाही, असं त्यांनी कळवलं. मावशी दारातच कडाडली, "शिकायचंय पोरीला, नापास मला करताय." पण काचेचं दार आपोआप बंद होणारं होतं, त्यामुळे आपटून यायचीही सोय नव्हती, आणि याच गोष्टीचा तिला सगळ्यात जास्त राग आला. दुसऱ्या शाळेने पोर मोठी झाली म्हणून नाकारली, तिसरीने आजी म्हातारी झाली म्हणून. वय या दोघींचंच निघत होतं. शाळांचं वय कोणी विचारत नव्हतं.

राहिली समोरची. रस्ता चार ढांगांचा, पण मावशीला तो ओलांडायला आठवडा लागला. शेवटी एका दुपारी तिने टोपली उचलली, बटणाचं बोट धरलं आणि नाक वर ठेवून फाटकातून आत गेली.

मोठ्या सिस्टरनी टोपलीत बघितलं. लाल, निळे, पांढरे, खळीने दगड झालेले चेंडू.

"हे परत द्यायला आलात?"

"दाखवायला आलेय," मावशी म्हणाली. "परत द्यायचे की नाही, ते तुमच्या बोलण्यावर आहे."

"बसा," सिस्टर म्हणाल्या. बाकाकडे बघून मावशीच्या कपाळावर आठी पडली. तो बाक मधे ऐसपैस आणि दोन्ही टोकांना निमुळता होता. मधे बसलेल्याचं राज्य, टोकाच्याची अर्धी बैठक हवेत.

"हा बाक आहे की होडी?"

"ती एक गोष्ट आहे. नंतर केव्हातरी." सिस्टर बटणाकडे वळल्या. "नाक पुसायला येतं का गं?"

बटणाने बाहीला नाक पुसून दाखवलं.

"सुरुवात म्हणून ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या.

मावशीला हे एवढं सोपं जाणं पचेना. "आम्ही तुमच्यातले नाही. आधीच सांगून ठेवते, मागाहून कटकट नको. तुमची शाळा तुमच्या पोरांसाठी काढलेली ना?"

"हो," सिस्टर म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? तशीच काढलेली." आणि मग त्यांनी चष्मा पुसत जे सांगितलं, ते मावशीने पुढे इतक्या गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलं, की गल्लीला पाठ झालं.

इथे पूर्वी वीटभट्ट्या होत्या. भट्टीवरची माणसं कॅथलिक, पोटासाठी लांबून आलेली. त्यांच्या पोरांना शहाण्यासुरत्या शाळा घेत नसत, आणि एखादीने घेतलंच तर त्यांच्या बोलण्याला आणि प्रार्थनेला हसत. इथल्या पहिल्या फादरांना वरून हुकूम आला, चर्च बांधा. सामान आलं, विटा तर दारातच होत्या. फादरांनी त्यात शाळा बांधली. तेव्हाचे बिशप, म्हणजे या फादरांच्या वरचे, चर्च बघायला आले, तर समोर फळा आणि पाट्या. त्यांनी विचारलं, चर्च कुठे आहे? फादर म्हणाले, रविवारी सकाळी इथेच असतं, मास्तरांच्या टेबलावर. बिशप चिडले. तेव्हा फादर म्हणाले, देवाला थांबता येतं. पोरांना येत नाही, ती मोठी होतात.

"चर्च खूप वर्षांनी झालं," सिस्टर म्हणाल्या. "तोवर आमच्यातल्या तिघी जणी बिनपगारी शिकवायच्या, आणि बाकीचं सगळं शनिवारच्या हातावर. आमच्या पोरांचा धर्म टिकावा म्हणून शाळा निघाली, हे खरं. पण एकदा फळा टांगला की समोर कोणाचं पोर बसलंय ते फळ्याला दिसत नाही. हळूहळू आम्हालाही दिसेनासं झालं."

ज्याला शाळा घेत नाही त्याने स्वतःची शाळा काढावी, ही अक्कल त्या भट्टीवाल्यांना तेव्हा सुचली होती. भाषणं ठोकणाऱ्या भल्याभल्यांना ती आजही सुचत नाही. असो.

तर शनिवारचा हात. ज्या घरचं पोर शाळेत, त्या घराने शनिवारी आपल्या धंद्याचा हात शाळेला द्यायचा, ही तिथली रीत. रंगाऱ्याने भिंत रंगवायची, नळवाल्याने नळ बघायचा, शिंप्याने गणवेश उसवून सैल करायचे. बाहेरच्या घराचं पोर घ्यायचं असेल, तर आधी हात बघायचा आणि मग पॅरिशच्या कमिटीने होकार द्यायचा. जागा एकच शिल्लक होती. आणि कमिटीचे प्रमुख होते पेटीवाले.

पेटीवाल्यांचा धंदा शवपेट्यांचा. माणूस दिसला की त्यांची नजर त्याच्या टाळूपासून टाचेपर्यंत फिरून यायची, धंद्याची खोड. मावशीकडेही त्यांनी तसंच बघितलं.

"मला घाई नाही," मावशी म्हणाली.

पेटीवाले हसले नाहीत. "शाळा आमच्या वाडवडलांच्या घामाची आहे. हे बाकसुद्धा माझ्या आजोबांच्या हातचे. बाहेरच्यांना आमची रीत कळत नाही, मग घोळ होतात."

"घोळ आतल्यांनाही जमतो," सिस्टर म्हणाल्या. "मावशींचा हात बघू आणि मग ठरवू."

हात ठरला. पोरांचं पहिलं कम्युनियन जवळ आलं होतं. कॅथलिक पोर सातआठ वर्षांचं झालं की त्याला चर्चमध्ये पहिल्यांदा तो पवित्र प्रसाद मिळतो, त्या दिवशी पांढरे कपडे. शाळेत त्यासाठी एक मोठी ट्रंक होती. सगळ्या पोरांचे झगे, सदरे, विजारी त्या ट्रंकेतलेच, दरवर्षी तेच. घरचा कपडा घालायचा नाही, मग तो कितीही भारी असो. बेकरीवाल्याची पोर आणि भंगार वेचणारीची पोर त्या दिवशी ओळखू येता कामा नयेत, एवढ्यासाठी. ट्रंक मावशीच्या दुकानात आली, मागोमाग पेटीवाले आले.

"जरा हात फिरवा, झालं," ते म्हणाले. "दरवर्षी मऊच असतात. बिशप येणार आहेत खरे, पण तुमच्याकडून काही फार अपेक्षा नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. मावशीने त्यांची पाठ वळेपर्यंत दम धरला. मग पातेल्यात खळ दुप्पट केली.

"आजी, फार घट्ट झालीये," बटण म्हणाली.

"तुझी जागा मऊ कपड्यांनी मिळायची नाही," मावशी म्हणाली. "ढवळ."

दुसऱ्या दिवशी गल्लीने जे बघितलं ते पुन्हा कधी दिसलं नाही. दुकानासमोर पांढऱ्या झग्यांची आणि विजारींची रांग उभी. टांगलेली नव्हे, उभी. आत माणूस नाही, डोकं नाही, आणि कपडे आपापले उभे. दूधवाल्याने सायकल थांबवून टोपी काढली. वकील येऊन नुसता बघत राहिला आणि म्हणाला, "मावशी, मला इतकी वर्षं फसवलंस. माझ्या कॉलरला याच्या निम्मीसुद्धा खळ नव्हती."

रविवारी आयांनी शाळेच्या वर्गात पोरांना कपडे चढवले. चढवले म्हणजे पोरांना कपड्यांत वरून सोडलं. आया खूश. असं पांढरं, असं कडक त्यांनी पाहिलं नव्हतं. पोरं चर्चमध्ये निघाली, गुडघे न वाकवता, फळ्यांना पाय फुटल्यासारखी. बघणाऱ्यांना वाटलं, काय ही शिस्त.

मावशी बटणाला घेऊन मागे दाराशी उभी राहिली. बसा म्हणाले तरी बसली नाही, तिची स्वतःची साडी त्या दिवशी बसण्यातली नव्हती. दारात दगडी वाडग्यात पाणी ठेवलेलं, येणारा त्यात बोट बुडवून कपाळाला लावत होता. पाण्याची सोय दारातच केलीये, मावशीने मनात नोंद घेतली, माणसं व्यवस्थित आहेत.

गाणं झालं, वाचन झालं, बिशप बोलले. पोरं पहिल्या रांगेत बसण्याऐवजी बाकाला तिरकी टेकून होती, पण मागून कळत नव्हतं. मग छोटी घंटा किणकिणली आणि सगळं चर्च खसकन गुडघ्यांवर गेलं.

इतकी वर्षं मावशीने पोरांना चर्चमध्ये उभं शिरताना बघितलं होतं आणि उभं बाहेर पडताना बघितलं होतं. मधे ती गुडघे टेकतात, हे रस्त्याच्या पलीकडून कसं दिसणार?

सगळी माणसं खाली आणि पुढे पांढरी रांग तेवढी उभी. एका मुलाने जोर लावून गुडघा वाकवला, विजारीने तो परत सरळ केला. बेकरीवाल्याची पोर खाली बसू गेली तर झगा जमिनीला टेकून तिथेच थांबला आणि ती आत उतरली. बाहेर फक्त डोळे राहिले. शेवटी पेटीवाल्यांचा नातू धीराने पुढे झुकला आणि वाकायच्या ऐवजी तसाच, सरळसोट, आडवा झाला. आजोबांची नजर सवयीने टाळूपासून टाचेपर्यंत फिरली आणि त्यांनाच घाम फुटला.

बिशप हात वर धरून थांबले. देवाला थांबता येतं, तर बिशपला का येऊ नये?

मावशीला त्या क्षणी चर्च दिसलं नाही, बिशप दिसले नाहीत. तिला दिसली खळ, आणि खळीवर उपाय एकच. तिने दारातला दगडी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, काखोटीला मारला आणि तरातरा मधल्या वाटेने पुढे गेली. प्रत्येक पोराच्या मागे उभी राहून बोटं बुडवायची, मनगट झटकायची. थेंब बरोबर गुडघ्याच्या मागच्या लवणीत. मागून बटण यायची आणि तो ओला भाग दोन्ही मुठींनी चुरगाळायची. चुरगाळलं की पोर वाकायचं. पोरामागून पोर खाली जात होतं. नातवाला दोघींनी मिळून उभा केला, भिजवला, मोडला आणि टेकवला.

मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, बिशप आलेत तर काही नवीन विधी असेल. त्यांनी भराभर क्रूसाची खूण केली. एकीने जाता जाता मावशीला खुणावलं, माझ्याही गुडघ्यावर दोन थेंब टाक बाई, फार दुखतो. मावशीने टाकले.

प्रसाद सगळ्या पोरांना मिळाला. मावशीने वाडगा पुन्हा जागेवर ठेवला. "गेली गं तुझी जागा," ती बटणाला म्हणाली. बटण ओल्या मुठी पोलक्याला पुसत राहिली.

चहापाणी शाळेच्या वर्गात होतं आणि कमिटीही तिथेच बसली. बिशप कोपऱ्यात बाकाच्या निमुळत्या टोकावर, अर्धे हवेत, कप सांभाळत बसले होते.

"हात दाखवून अवलक्षण," पेटीवाल्यांनी सुरुवात केली. "पवित्र पाणी ते. इस्त्रीला शिंपडतात तसं शिंपडलं हिने. मी म्हणालो होतो, बाहेरच्यांना रीत कळत नाही."

मावशीने मनाशी ठरवलं होतं की आज गप्प राहायचं. ते तिला पहिलं वाक्य संपेपर्यंत जमलं.

"नाही कळत," ती म्हणाली. "चूक माझी, खळ माझी. पण भाऊ, मी समोर राहते. इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकाने तरी म्हटलं का, मावशी आत या, बघा आम्ही काय करतो ते? चेंडू तेवढे पाठवलेत. आता रीत कळायला मी काय भिंतीतून बघू? माझं राहू द्या, मी दिवस ढकलले. पोरीला तरी आत घ्या, ती बघेल आणि मला सांगेल. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी तुमची पोरं उभी वाळवील."

मोठ्या सिस्टरनी चष्मा काढला आणि बिशपना म्हणाल्या, "बाक कसा वाटतो?"

बिशप सभ्य माणूस. "वेगळा आहे," ते म्हणाले.

"पेटीवाल्यांच्या आजोबांनी केलेत. सांगा की त्यांची गोष्ट," सिस्टर पेटीवाल्यांना म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचं," पेटीवाले म्हणाले आणि त्यांची नजर एकदम जमिनीकडे गेली.

"मग मी सांगते. आजोबाही बाहेरचे. आपल्यातले नव्हते, या गावचेही नव्हते. पोराला शाळेत घालायचं म्हणून शनिवारचा हात द्यायला आले. त्यांना सांगितलं, बाक करा. त्यांनी आयुष्यात उठून बसणारं गिऱ्हाईक पाहिलंच नव्हतं. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळतं, हाताला जे वळण होतं तेच केलं, आणि बाक म्हणून दोन पेट्यांचे तळ तोंडाला तोंड लावून जोडले. पहिल्या दिवशी पोरं त्यावर आडवी होऊन झोपली. कमिटी तेव्हाही रागावली होती. फादर म्हणाले, बाकाचं काय, पोर घ्या आत." सिस्टरनी चष्मा परत चढवला. "ते पोर म्हणजे यांचे वडील."

बिशपना ठसका लागला. चहा त्यांच्या झग्यावर सांडला. मावशीचा हात आपोआप पुढे झाला, "मळू द्या, सोमवारी टाका माझ्याकडे," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "मऊ करीन."

पेटीवाल्यांनी बराच वेळ बाकाच्या कडेवरून हात फिरवला. मग तोच हात थोडासा वर केला, खांद्याइतकाच. "पण खळ निम्मी," ते म्हणाले.

"तुम्ही बाक सरळ करा, मी खळ निम्मी करते," मावशी म्हणाली. बाकीच्यांचे हात तोवर वर गेलेच होते.

बटण शाळेत जाऊ लागली. मावशी आता शनिवारी रस्ता ओलांडून जाते, आणि कुठल्या कपड्यात काय करतात ते सगळं आधी विचारून घेते. बसतात का, वाकतात का, लोळतात का. गल्लीत तिचा एकच नवीन दिमाख आहे. चर्चच्या बाबतीत कोणी काही बोललं की ती म्हणते, "मला सांगू नका, माझी नात आत असते."

पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत एक चेंडू भिंतीवरून उडाला आणि खळीच्या पातेल्यात पडला. मावशीने तो काढला, पुसला. फाटकाच्या गजांत एक गोल तोंड अडकलेलं होतं.

"आजी, चेंडू."

मावशीने इस्त्री उचलली आणि वर न बघता विचारलं, "कोणाचा चेंडू?"

"आमच्या शाळेचा," बटण म्हणाली.

आमच्या शाळेचा, हे पुन्हा एकदा ऐकायला मिळावं म्हणून मावशीने वाट पाहिली, आणि बटणाने ते आणखी मोठ्याने म्हटलं.

"मग तुमच्या मोठ्या सिस्टरला पाठव," मावशी म्हणाली, आणि चेंडू टोपलीत टाकला.